दर आषाढात अडकणारा खण: रंधा उचलण्याआधी

आषाढ लागला की टेबलाचा खण त्रास द्यायला लागतो. जूनमध्ये नुसता घासल्याचा आवाज येतो, जुलैत दोन्ही हातांनी ओढावा लागतो आणि श्रावणात तर बोटभर बाहेर येऊन तिथेच रुतून बसतो. मग घरातलं कुणीतरी जोर लावतं, मूठ निखळून हातात येते आणि आतले कागद दिवाळीपर्यंत आतच राहतात. दिवाळीनंतर तोच खण कुणी हात न लावता मोकळा होतो, म्हणून आपण विसरून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमच्या पुण्यातल्या घरी आजोबांचं सागवानी टेबल आहे. उजव्या हाताला एकाखाली एक तीन खण. त्यातला मधला असाच अडकायचा. लागोपाठ दोन पावसाळे सुतार बोलावला आणि दोन्ही वेळा खण काढून त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंवरून रंधा फिरवला गेला. परिणाम असा की मे महिन्यात खण आडवा खुळखुळायला लागला, दोन्हीकडे पेन्सिल जाईल एवढी फट दिसू लागली, आणि जुलैत तो पुन्हा अडकलाच. एवढं लाकूड काढूनही अडकतो म्हणजे लाकूड चुकीच्या जागेवरून निघालं, हे तेव्हा लक्षात आलं. खण मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा नीट पाहिला. त्यानंतर गेली बरीच वर्षं जुन्या फर्निचरचे खण दुरुस्त करते आहे, आणि पावसाळ्यात येणाऱ्या दहातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच निघतं: पावसात खण रुंदीत जवळजवळ फुगत नाही, तो उंचीत फुगतो. हे का होतं ते खणाच्या बांधणीतच आहे, म्हणून आधी बांधणी समजून घ्या.

जुना खण म्हणजे पाच फळ्या. समोरची दर्शनी फळी, दोन बाजूच्या, एक मागची आणि तळाची. दर्शनी फळी जाड, पाऊण ते एक इंच, आणि चांगल्या लाकडाची. बाजू पातळ, अर्ध्या इंचाच्या आसपास. आपल्याकडे दर्शनी फळी सागवानाची आणि बाजू शिवणीच्या, आंब्याच्या किंवा कोकणात फणसाच्याही सापडतात. शिवण हलकं लाकूड आहे, हवेप्रमाणे फार हलत नाही, त्यामुळे खणाच्या बाजूंना ते वापरणाऱ्या सुताराने विचार करूनच वापरलेलं असतं.

आता फळ्यांवरच्या रेषा पाहा. दर्शनी फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे जातात. बाजूच्या फळ्यांच्या रेषा समोरून मागे जातात. लाकूड हवेतलं पाणी घेतं तेव्हा ते रेषांच्या दिशेने नगण्य वाढतं, रेषांच्या आडवं मात्र चांगलंच वाढतं. म्हणजे दर्शनी फळीची लांबी, म्हणजेच खणाची रुंदी, बारा महिने तीच राहते. बाजूच्या फळीची लांबी, म्हणजे खणाची खोली, तीही तीच राहते. वाढते ती दर्शनी फळीची आणि बाजूंची उंची. बाजू जाडीतही फुगतात, पण अर्ध्या इंचाच्या फळीत ती वाढ केसाएवढी.

आणि ज्या चौकटीत हा खण जातो तिचं काय? टेबलाचे पाय उभे, त्यांच्या रेषाही उभ्या. त्यामुळे चौकटीची उंची पावसाळ्यात वाढत नाही. आतला खण वर-खाली वाढतो, बाहेरची चौकट आहे तेवढीच राहते. अडकणं इथून सुरू होतं.

किती वाढतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ओलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत रेषांच्या आडवं साधारण ५ टक्के आकसतं. हे झालं ओंडका सपाट चिरून काढलेल्या फळीचं. मध्यातून बाहेर, म्हणजे ओंडक्याच्या त्रिज्येच्या दिशेने चिरलेली फळी जेमतेम निम्मी आकसते. घरातलं फर्निचर एवढ्या टोकाला जात नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० ते ३० टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसचे दिवस ८० च्या वर राहते. त्याप्रमाणे लाकडातल्या पाण्याचं प्रमाण ७-८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांपर्यंत जातं असं धरा. तेवढ्या फरकात ६ इंच उंचीची सपाट चिरलेली बाजू सुमारे २ मिलिमीटर वाढते, त्रिज्येने चिरलेली सुमारे १. खण चौकटीत बसवताना सुताराने वर अर्धाच मिलिमीटर जागा सोडली असेल, तर तो अडकणारच. यावरून हेही कळेल की एकाच टेबलातला ३ इंच उंचीचा वरचा खण का अडकत नाही आणि ८ इंचांचा खालचा सगळ्यात जास्त का अडकतो. आमच्या मधल्या खणाची गोष्ट वेगळी होती, तिच्याकडे पुढे येते.

ज्यांनी नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात फर्निचर बनवून मुंबईला किंवा कोकणात नेलं, त्यांना हा त्रास पहिल्याच पावसात होतो. बल्लारशाचं सागवान उत्तमच असतं, पण मे महिन्यात तिथल्या कोरड्या हवेत ते पार आकसलेलं असतं. त्या मापावर घट्ट बसवलेला खण रत्नागिरीत जुलैला हलणार नाही. लाकडात खोट नाही, माप घेतलं तो महिना चुकला.

तर आधी अडचण ओळखा. माझा पहिला प्रश्न नेहमी हा असतो: कधी अडकतो?

फक्त पावसाळ्यात अडकत असेल तर वर सांगितलेलं फुगणं. बारा महिने अडकत असेल तर दोष चौकटीत, खणाखालच्या पट्ट्यांत किंवा थेट जमिनीत. भरल्यावरच अडकत असेल तर तळ. पहिला इंचभर घट्ट आणि मग सैल असेल तर फक्त दर्शनी फळी घासते आहे, बाजूंना हात लावू नका. आत जाताना शेवटचा इंच राहत असेल तर आधी मागे हात घालून पाहा. वरच्या खणातून घसरून पडलेली वही किंवा पाकीट मी कितीदा तरी काढलेलं आहे.

जमिनीचं आधी बघा, कारण त्यात खर्च नाही. जुन्या घरांतली शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. टेबलाचा एक पाय अधांतरी असला की टेबलाच्या वजनाने चौकट पिळते, आयताचा समांतरभुज चौकोन होतो आणि चौकोनी खण त्यात तिरका अडकतो. खण बाहेर काढून चौकटीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन मापांत २-३ मिलिमीटरचा फरक असेल तर पायाखाली पातळ पाचर सारून पुन्हा मोजा. कर्ण जुळले की बहुतेक वेळा खणही सुटतो. आमच्या मधल्या खणाला हेही होतं. मागचा डावा पाय अधांतरी होता, आणि त्या पिळामुळे मधल्याच खणाची जागा आवळली जात होती. फुगणं आणि पीळ एकत्र आले म्हणून तो मोठ्या खणाच्या आधी अडकायचा.

जमीन ठीक असेल तर घासण्याची जागा शोधा. खण निघत असेल तर आधी नुसता पाहा: जिथे घासतो तिथे लाकूड चकाकतं, काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं. दिसत नसेल तर बाजूंच्या वरच्या कडांवर, खालच्या कडांवर आणि बाहेरच्या अंगावर शाळेचा पांढरा खडू चोळा, खण दोन-तीनदा आत-बाहेर करा आणि खडू कुठे पुसला गेला ते पाहा. खण निघतच नसेल तर पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा कागद दर्शनी फळीच्या भोवतीच्या फटीतून फिरवा. जिथे कागद अडतो ती जागा. पावसाळी अडकण्यात तो जवळजवळ नेहमी वरच्या कडेला अडतो, आणि डाव्या-उजव्या फटीतून सुळकन फिरतो. हे एकदा स्वतः करून पाहिलंत की बाजूंवर रंधा मारण्याचा मोह राहणार नाही.

आता कापायचं कधी. माझा नियम असा: खूण श्रावणात, रंधा दिवाळीनंतर. श्रावणात खण सगळ्यात मोठा असतो, म्हणून कुठे आणि किती घासतो हे तेव्हाच कळतं. त्या जागांवर पेन्सिलीने खुणा करून ठेवा. पण ओल्या लाकडावर रंधा चालवला तर तंतू कापले जात नाहीत, उपटले जातात, आणि कड खरबरीत होऊन आणखी घासते. शिवाय त्या वर्षी भिंतीला ओल आली असेल किंवा छत गळलं असेल तर लाकूड नेहमीपेक्षा जास्त फुगलेलं असतं. त्या मापावर कापलंत तर उरलेली दहा वर्षं खण सैल. भिंतीला ओल असेल तर आधी टेबल चार बोटं पुढे ओढा आणि ओलीचं कारण निस्तरा. तेवढ्यानेच खण सुटल्याची उदाहरणं पाहिली आहेत.

कार्तिकात लाकूड वाळलं की खूण पाहून बाजूंच्या वरच्या कडा रंधा. खालच्या नाही. खालच्या कडेवर खण चालतो. तिथून लाकूड काढलं तर पूर्ण खण खाली बसतो आणि दर्शनी फळी शेजारच्या खणांच्या ओळीत राहत नाही. रंधा धारदार, पातं अगदी कमी बाहेर, कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली पाहिजे. टोकांकडून मध्याकडे रंधा चालवा. कोपऱ्यावरून बाहेर जाऊ दिलात तर सांध्याचा तुकडा उडतो. दोन-चार हात मारून खण घालून पाहा, पुन्हा काढा. कोरड्या दिवसांत ६ इंची सपाट चिरलेल्या बाजूला वर २ मिलिमीटर फट दिसायला हवी. ती फट दोष नाही. ती पुढच्या श्रावणाची जागा आहे, आणि चांगला सुतार ती ठेवून देतो.

मग मेण. साधी पांढरी मेणबत्ती बाजूंच्या वरच्या-खालच्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर चांगली चोळा, जुन्या सुती फडक्याने दाबून पुसा. साबण चोळायची पद्धत जुनी आहे, पण साबण हवेतलं पाणी ओढतो, म्हणून मी वापरत नाही. तेल तर अजिबात नको. त्यात धूळ बसून वर्षभरात चिकट काळं किटण तयार होतं. खणाच्या बाजूंना बाहेरून तेली वार्निशही लावू नका. दमट उकाड्यात ते मऊ पडतं आणि खण चौकटीला चिकटतो. जुने कारागीर खणाचं आतलं अंग आणि बाजू कोऱ्या ठेवत किंवा फार तर चपड्याच्या स्पिरिट पॉलिशचा एक पातळ हात देत. त्याने पाणी शिरणं थांबत नाही, पण ते सावकाश शिरतं.

बारा महिने अडकणाऱ्या खणाकडे येऊ. इथे बहुतेकदा झीज असते. खण ज्या दोन पट्ट्यांवर सरकतो, ज्यांना कारागीर रनर म्हणतात, त्यांत तीस-चाळीस वर्षांत खाच पडते, आणि बाजूंची खालची कडही झिजून मागे निमुळती होते. खण मागे झुकतो, समोरून वर उचलला जातो आणि वर घासतो. लोकांना वाटतं खण मोठा झाला, म्हणून वरून रंधतात. खरं तर तो खाली झिजलेला असतो. सरळ स्टीलची पट्टी बाजूच्या खालच्या कडेला लावून पाहा, प्रकाश दिसला की झीज. उपाय: कड सरळ करून तेवढ्या जाडीची सागवानाची किंवा दुसऱ्या कठीण लाकडाची पट्टी चिकटवायची. तिच्या रेषा बाजूच्याच दिशेला, समोरून मागे असल्या पाहिजेत. खिळा मारू नका, झीज खिळ्याच्या डोक्यापर्यंत आली की तो खालचा रनर ओरबाडतो. रनर उलटा करून बसवता आला तर नवीन पट्टीही लागत नाही.

जुन्या कपाटांत, जिथे बाजूला अखंड उभी फळी असते, तिथे रनर पूर्ण लांबीभर चिकटवलेला असेल तर तोही काढून नीट बसवा. उभ्या रेषांची ती फळी पुढे-मागे हलते, रनर हलत नाही, आणि शेवटी फळीला उभी चीर जाते. रनर पुढच्या टोकाला पक्का करायचा आणि मागे लांबट भोकातून स्क्रू द्यायचा, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो.

खण अर्धा बाहेर काढल्यावर तोंड खाली टाकत असेल तर वरची पट्टी पाहा. खणाच्या बाजूंच्या अगदी वर एक पट्टी असते, ती खणाला झुकू देत नाही. ती पडलेली किंवा झिजलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती नवीन बसवली की खण पुन्हा सरळ बाहेर येतो.

तळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे दुरुस्तीच्या नावाखाली होतं. चांगल्या जुन्या खणाचा तळ दर्शनी फळीच्या आणि बाजूंच्या आतल्या खोबणीत नुसता सरकवलेला असतो. चिकटवलेला नसतो. मागची फळी मुद्दाम आखूड ठेवतात, तळ तिच्या खालून बाहेर येतो आणि तिथे एकदोन बारीक खिळ्यांनी किंवा स्क्रूने अडकवतात. तळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे असतात, म्हणजे तो फुगतो-आकसतो तो पुढे-मागे, आणि मागे त्याला जागा मिळते. आता कुणीतरी तळ हलतो म्हणून चारही बाजूंनी फेविकॉल भरतं. पुढच्या उन्हाळ्यात तळ आकसू पाहतो, सुटत नाही, म्हणून मधून फाटतो. आणि तळ उन्हाळ्यात चिकटवलेला असेल तर पावसाळ्यात तो दर्शनी फळीला आतून ढकलतो आणि सांधे उघडतो.

तळ आकसून पुढच्या खोबणीतून निसटला असेल, पुढे फट दिसत असेल, तर मागचा स्क्रू सोडा, तळ पुढे सारा, पुन्हा स्क्रू द्या. पाच मिनिटांचं काम. पुस्तकांच्या ओझ्याने मध्यभागी झोल पडून खाली घासत असेल तर तळ काढून उलटा करून घाला. काही महिन्यांत तो सरळ होतो. प्लायचा तळ असेल तर तो हवेप्रमाणे फारसा हलत नाही, त्याला चिकटवलं तरी बिघडत नाही. हे सगळं अखंड लाकडाच्या तळाबद्दल आहे.

सांधे. बाजूच्या फळीच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखे पसरत जाणारे दाते आणि दर्शनी फळीत त्याच आकाराच्या खाचा, हा डव्हटेल सांधा. खण आपण ओढतो तेव्हा सगळा जोर दर्शनी फळीला बाजूंपासून तोडण्याच्या दिशेने येतो, आणि हा पसरट दाता नेमका त्याच दिशेने निसटू शकत नाही. समोरून दाते दिसू नयेत म्हणून दर्शनी फळीत खाच आरपार नेत नाहीत, मागच्या कोपऱ्यांत मात्र आरपार असते. सांधा ढिला झाला तर खण समांतरभुज होतो आणि तिरका अडकतो. त्यात खिळा मारणं हा सगळ्यात वाईट उपाय. दाता फुटतो आणि मग खरी दुरुस्ती अवघड होते. फेविकॉल १९५९ साली आलं, त्याआधीचं फर्निचर बहुधा सरसाने जोडलेलं असतं. सरस कोमट पाण्याने मऊ होतो. सांधा हलक्या हाताने, लाकडी मोगरीने ठोकून उघडा, जुना सरस पूर्ण खरवडून काढा, वाळू द्या, मगच नवीन चिकटवा. जुन्या सरसावर नवीन गोंद धरत नाही. क्लॅम्प लावल्यावर दोन्ही कर्ण मोजायला विसरू नका, नाहीतर तिरका खण कायमचा तिरका वाळेल.

बाजूतून पिवळसर पीठ पडत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी किडीचा बंदोबस्त करा. सागवानाचा गाभा टिकतो, पण बाहेरचा फिकट भाग आणि आंब्यासारखं लाकूड किडा पोखरतो, आणि पोखरलेल्या फळीवर रंधा चालवला तर ती भुगा होऊन हातात येते.

आणि आत्ता, भर पावसात, अडकलेल्या खणात पासपोर्ट आहे म्हणणाऱ्यांसाठी. एकाच मुठीला धरून ओढू नका, खण तिरका होऊन आणखी रुततो. थोडा आत ढकला, मग दोन्ही मुठी सारख्या जोराने, खालच्या अंगाला दाब देत ओढा. होत नसेल तर वरचा खण काढून तिथून हात घाला आणि सामान उपसा. वजन कमी झालं की निम्मं काम होतं. टेबलाची मागची फळी स्क्रूने बसवलेली असेल तर ती उघडा आणि खणाच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर तळव्याने ढकला, मध्यावर नाही. तरीही नाहीच, तर टेबल भिंतीपासून दूर करून दोन-तीन दिवस पंखा त्यावर सोडा, एसी असेल तर त्या खोलीत ठेवा. केस वाळवण्याचा ड्रायर मंद गतीवर, हातभर अंतरावरून चालतो. आत बल्ब पेटवून ठेवण्याची जुनी युक्ती मी कुणाला सांगत नाही, कागदांशेजारी ती धोक्याची आहे.

खण वारंवार अडकतो म्हणून त्याला स्टीलचे चॅनेल बसवून घ्यावेत का, असं पुष्कळ जण विचारतात. चॅनेलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी अर्धा इंच जागा लागते. म्हणजे जुना खण एक इंचाने अरुंद करायचा, सांधे कापायचे आणि दर्शनी फळी वेगळी चिकटवायची. नवीन प्लायच्या फर्निचरला चॅनेल योग्यच आहेत. हाताने दाते कापलेल्या खणाला ते लावू नका, एवढी मनापासून विनंती आहे.

आमच्या मधल्या खणाच्या बाजूंना मी पातळ सागवानी पट्ट्या चिकटवून गेलेली रुंदी भरून काढली, पायाखाली पाचर दिली आणि वरच्या कडेवरून दीड मिलिमीटर लाकूड काढलं. मागच्या फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने महिना, वर्ष आणि काढलेलं माप लिहून ठेवलं आहे. लिहिताना दिसलं की तिथे आधीच एक फिकट झालेली खूण होती, आजोबांच्या सुताराची: वरच्या कडेला समांतर एक बारीक रेघ, आणि तिच्या शेजारी मोडीत दोन अक्षरं.